पल्ल्याइतकंच इंधनही बघा

'एलिट डेंजरस' या अंतराळयानाच्या व्हिडिओ गेममध्ये जहाजाच्या एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडच्या उडीचा पल्ला वाढवला की आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर, सॅजिटेरियस ए-स्टार, गाठता येतं, असं काही खेळाडू म्हणतात. मला नाही पटत. सूर्यापासून ते जवळपास २६,००० प्रकाशवर्षं, आणि वाटेत इंधन फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के, एम वर्गांच्या ताऱ्यांकडूनच मिळतं. नकाशात तेवढा फिल्टर लावाच!

घणसोलीला मित्राच्या खोलीवर रात्री दोन वाजता मी या खेळात, इंधन न देणाऱ्या तपकिरी बटू ताऱ्यांत अडकलो. टाकीची पट्टी लाल, पुढच्या उडीपुरतंही इंधन नाही. इंधन संपलेल्यांना मदत करणाऱ्या खेळाडूंच्या गटाला, फ्युएल रॅट्सना, हाक मारली, तेव्हा कुठे जहाज वाचलं. अनोळखी खेळाडू एवढ्या लांब केवळ इंधन द्यायला येतात, मन भरून आलं.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून पुढची उडी चौपट होते खरी, पण एफएसडी (उडी मारणारं इंजिन) झिजतो. जहाजाचे भाग वाटेतच दुरुस्त करणारं एएफएमयू हे यंत्र सोबत घ्या.