शब्द हवा आहे: पीटलँड (आणि पीटची आग)

सायली_व:
मुलांच्या मासिकासाठी इंडोनेशियातली जंगलं आणि हवामान बदल यावर लेख लिहितेय, त्यात पीटलँड (अर्धवट कुजलेला झाडपाला साचलेली ओली जमीन) पावलोपावली येतंय. आत्तापर्यंत सगळीकडे दलदल लिहिलंय पण परत वाचताना खटकतंय. आणि तिथल्या आगीला वणवा म्हणू का? सुचवा प्लीज.

भाऊ_चिपळूण:
दलदल काय वाईट आहे, पोरांना लगेच कळतं. पीट लिहिलंत तर निम्मी पोरं पीठ वाचतील, बोलताना आपण पिठाला पीटच म्हणतो की. नाहीतर पाणथळ लिहा.

उत्तरा:
भाऊ, पाणथळ चुकीचं नाही पण फार मोठं पडतं, त्यात तळं आलं, खाजण आलं, पाणी साचणारं कुरण आलं. आणि दलदल म्हटलं की चिखल, पाय रुतणं, आणि त्याच्या मागोमाग आपसूक येतं की ही जागा वाया गेलीय, पाणी काढा आणि कामाला लावा. इंडोनेशियात नेमकं हेच केलं. १९९५ साली सुहार्तो राष्ट्राध्यक्ष असताना बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतान प्रांतातली साधारण दहा लाख हेक्टर जमीन भातासाठी घ्यायचं ठरलं, पाणी काढायला चार हजार किलोमीटरच्या वर कालवे खणले, जावा बेटावरून शेतकरी आणून वसवले, आणि जमीन इतकी आंबट की भात काही झालाच नाही. १९९९ मध्ये योजना गुंडाळली पण कालवे तसेच, पाणी वाहून जातच राहिलं.

आता पीट म्हणजे काय ते बघा, मग शब्द ठरवू. तिथे जंगलच पाण्यात उभं असतं. पाला, फांद्या, मुळं, आख्खी खोडं खाली पडतात, पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ती धड कुजत नाहीत, आणि असे थर हजारो वर्षं साचत जातात. वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर, तरी काही ठिकाणी खोली १० मीटरच्या वर गेलीय. म्हणजे तो चिखल नाहीच, अर्धवट कुजलेलं लाकूड आहे ते, तपकिरी, तंतूतंतूंचं, पाण्याने ओथंबलेलं. पाणी काढलं की हवा आत शिरते, थांबलेलं कुजणं चालू होतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला लागतो आणि जमीन वर्षाला काही सेंटिमीटर खचत जाते. आग लागायचीसुद्धा गरज नाही. म्हणून लेखात फक्त "जंगलतोड थांबवा" एवढंच लिहिलंत तर निम्मी गोष्ट राहून जाईल, झाडं उभी ठेवून शेजारून कालवा खणला तरी खालचा साठा जातोच. जगाच्या जमिनीतला ३ टक्क्यांच्या आसपास भाग पीटचा, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याच्या दुप्पट तिथे आहे असा अंदाज आहे. हे लोकांना माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं मला.

तांबडीमाती:
पीट शब्द मराठीत ऑलरेडी आहे हो. भूगोलाच्या पुस्तकात कोळशाच्या प्रकारांत पहिला पीट, मग लिग्नाइट. आणि गच्चीवर बाग करणारा प्रत्येकजण कोकोपीट आणतो, तो नारळाच्या काथ्याचा भुसा, परदेशात बागकामात खरं पीट वापरतात त्याच्याऐवजी हा आला म्हणून ते नाव. पोरांनी घरी पाहिलेला असतो, त्यावरून सांगा. अजून एक, कार्बनसाठी कर्ब लिहा, आपल्या माती परीक्षणाच्या रिपोर्टवर "सेंद्रिय कर्ब" असतंच. आपल्याकडे बऱ्याच जमिनीत तो अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, आणि वाळलेल्या पीटमध्ये वजनाच्या निम्मा किंवा जास्तच कर्ब. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हा आकडा बरोबर लागेल.

सायली_व:
कोकोपीटचं भारीये, घेते. मग पीटभूमी लिहू? आणि आगीचं काय?

उत्तरा:
पीटभूमी ठीक. पहिल्यांदा येईल तिथे "पाणी तुंबलेली, अर्धवट कुजलेल्या झाडापाल्याची जमीन" असं फोडून सांगा.

वणवा मात्र नको. वणवा वरून पळतो, गवत पालापाचोळा खातो आणि पुढे जातो, डोंगर काळा होतो तरी पावसात परत हिरवा होतो. पीटची आग जमिनीच्या आत उतरते, ज्वाळा दिसत नाहीत, नुसता धूर, आठवडेच्या आठवडे. आपल्याकडे धुमसणं हा शब्द अगदी बसतो, "जमीन धुमसत होती". वरून पाणी मारून ती विझत नाही, जोरदार पाऊस पडून पाण्याची पातळी वर आली तरच. १९९७ च्या एल निनोत (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि इंडोनेशियात पाऊस कमी होतो तो काळ) तिथे हे झालं, तेव्हा हवेत गेलेला कर्ब ०.८१ ते २.५७ अब्ज टन धरलाय, म्हणजे जगभरात कोळसा, तेल, वायू या इंधनांतून वर्षाला निघत होता त्याच्या १३ ते ४० टक्के! धूर सिंगापूर मलेशियापर्यंत. २०१५ ला पुन्हा, २६ लाख हेक्टर जळालं, त्यातलं बरंच पीट.

भाऊ_चिपळूण:
हे माहीत नव्हतं. मग तिकडचे लोक काय म्हणतात याला? आणि आपल्याकडे कुठे आहे का असली जमीन?

उत्तरा:
इंडोनेशियात गांबुत. २०१६ ला सरकारने खास गांबुत सुधारायला वेगळं खातंच काढलं. आपल्याकडे निलगिरीत उंचावर पीटचे थर आहेत, आणि केरळात कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीच्या खालची काळी पीटयुक्त जमीन आहे, तिला करी म्हणतात. आफ्रिकेतल्या काँगोच्या खोऱ्यातलं पण टाका, २०१७ साली तिथला नकाशा छापून आला, १,४५,५०० चौरस किलोमीटर आणि अंदाजे ३० अब्ज टन कर्ब, एवढं मोठं काही तिथे आहे याचा जगाला तोवर अंदाजच नव्हता.

सायली_व:
शेवटचा एक. रीवेटिंगला (सुकलेलं पीट परत ओलं करणं) काय? पाणी जिरवणं लिहिलंय.

तांबडीमाती:
जिरवणं नाही, जिरवलं की पाणी खाली गेलं. इथे वर धरून ठेवायचंय. पाणी तुंबवणं लिहा, किंवा सरळ "कालव्यांना बांध घालून पाणी अडवणं", कारण प्रत्यक्षात करतात तेच, जागोजागी लाकडाचे नाहीतर मातीचे बांध. इंडोनेशियाच्या नियमात पाण्याची पातळी जमिनीखाली ४० सेंटिमीटरच्या पलीकडे गेली की पीट बिघडलं असं धरतात.