आठवा महिना लागला, एकही तपासणी नाही, आता जाऊन उपयोग आहे का?

थोरली_वहिनी
नणंदेला आठवा लागलाय आणि अजून एकदाही दवाखान्यात गेली नाहीये, ना सोनोग्राफी ना रक्त. बाळ हलतंय मग कशाला जायचं म्हणते, वर घरातल्या मोठ्या बायका "आमची चार चार झाली, कोणी तपासलं होतं" म्हणून तिचीच बाजू घेतात. खरं सांगू, मलाही ठामपणे सांगता येत नाही. बहुतेक जणी सुखरूप सुटतातच ना? आणि आता नेलं तर डॉक्टर ओरडतील ही भीती तिला आहेच.

रात्रपाळी
लेबर रूमला नर्स आहे. अशा पेशंटला आम्ही अनबुक्ड म्हणतो. बहुतेक सुखरूप सुटतात हे खरंय, पण कोण अडकणार हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. बीपी 140/90 च्या वर गेलं तरी कित्येकींना काहीच जाणवत नाही, नाहीतर नुसतं डोकं दुखतं, आणि मग झटके आल्यावरच आणतात. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, पण 6-7 वाली पण घरात राबत असते, फक्त डिलिव्हरीत दुसरीला सहज निभावलं असतं तेवढ्याच रक्तस्रावात ही शॉकमध्ये जाते आणि आमच्याकडे तिचा ब्लड ग्रुपसुद्धा नसतो. पाळीची तारीख आठवत नसली की अजून घोळ. बाळ अपुऱ्या दिवसांचं की दिवस भरून वाढ खुंटलेलं हे कसं ठरवायचं? शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होते.

आकडेमोड
थोडं उलट बोलतो. न तपासलेल्यांमध्ये अडीच किलोच्या आतली, अपुऱ्या दिवसांची, मृत जन्मलेली बाळं जास्त दिसतात, पण सगळं खापर चुकलेल्या तपासणीवर नको. जी जात नाही तिच्याकडे पैसा, खाणं, सोबतीला माणूस यातलं काहीतरी आधीच कमी असतं. शिवाय सातव्यातच बाळंत झाली तिच्या तपासणीच्या फेऱ्या कमीच भरणार ना.

रात्रपाळी
मान्य. पण एचआयव्हीचं बघा, औषध नसेल तर बाळाला लागण 15 ते 45 टक्के, वेळेत औषधं दिली तर 5 च्या खाली. इथे गरिबी-श्रीमंतीचा हिशोब लागत नाही.

दोघांची_आई
मी पहिल्या वेळी सातवा संपताना गेले. डॉक्टर ओरडले, पाचेक मिनिटं, मग विसरले. ग्रुप निगेटिव्ह निघाला, नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तेव्हा अँटी-डीचं (माझ्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणूनचं) इंजेक्शन दिलं, बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत परत एक. दुसऱ्या बाळासाठी ते महत्त्वाचं होतं म्हणे. शिवाय बाळ पायाळू, हे तर मला घरी बसून कधीच कळलं नसतं. उशीर झाला म्हणून जायचंच नाही हे काय लॉजिक?

थोरली_वहिनी
सगळ्यांचे आभार, वाचून दाखवलं, सोमवारी येते म्हणाली. सहज विचारलं डोकं दुखतं का, तर म्हणे हो, चार दिवस झाले, उन्हाने असेल.

रात्रपाळी
सोमवार नको. आत्ता न्या, बीपी आणि लघवी आजच तपासून घ्या. डोकेदुखी बीपीची असू शकते; डोळ्यांपुढे अंधारी येते का किंवा बरगड्यांखाली दुखतंय का तेही विचारा.

थोरली_वहिनी
रिक्षात आहोत.