थॉमस डॉर्सींचं आयुष्य त्या एका रात्रीत कोंबू नका

काळी चार (धागाकर्ता)

गेल्या रविवारी उपासनेत आमच्या पाळकांनी थॉमस डॉर्सींची गोष्ट सांगितली. बऱ्याच जणांनी ती ऐकली असेल. ऑगस्ट १९३२. शिकागोचे कृष्णवर्णीय संगीतकार डॉर्सी गायनासाठी सेंट लुईसला गेले होते. घरी पत्नी नेटी यांचे दिवस भरत आले होते. सभा चालू असतानाच तार आली, नेटी बाळंतपणात गेली. डॉर्सी घरी पोचले तेव्हा बाळ होतं, पण तेही लगेच गेलं. आईला आणि लेकराला एकाच शवपेटीत पुरलं. पुढच्या काही दिवसांत डॉर्सी पियानोपाशी बसले आणि 'प्रेशस लॉर्ड' हे गीत आलं. ऐकताना सगळ्या मंडळीने डोळे पुसले, मीही पुसले.

पण घरी येताना मला राहवेना. ही गोष्ट आपण नेहमी एवढीच सांगतो. दुःख झालं, देवाने गीत दिलं, संपलं. डॉर्सींचा जन्म १८९९चा, जॉर्जियातल्या व्हिला रिका गावचा. म्हणजे त्या रात्री ते ३३ वर्षांचे होते. पुढे ते १९९३पर्यंत जगले. त्या रात्रीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं कुठे गेलं?

वडील फिरते उपदेशक आणि दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. आई ऑर्गन वाजवायची. कुटुंब अटलांटाला आलं आणि घरची होती नव्हती ती रया गेली. शाळेत पोराला मागच्या वर्गात बसवलं, मग त्याने शाळाच सोडली. एका थिएटरात खाण्यापिण्याच्या वस्तू विकता विकता पियानो वाजवणाऱ्यांच्या बोटांकडे बघून तो शिकला. पुढे शिकागो. १९२४मध्ये ब्लूजची, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची, आई म्हणतात त्या मा रेनी यांच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. 'जॉर्जिया टॉम' या नावाने गाजले ते हेच डॉर्सी.

आणि गीताचंही बघा. चाल आकाशातून पडली नव्हती. १८४४पासूनची एक जुनी स्तोत्राची चाल त्यांनी घेतली आणि तिला ब्लूजचा हेलकावा दिला. सुरुवातीचा शब्द आधी वेगळा होता. 'प्रेशस', म्हणजे मोलाचा, म्हण, असं सुचवलं ते त्यांचे सहकारी थिओडोर फ्राय यांनी. म्हणजे अगदी त्या दुःखातही दोन कारागीर शब्दाची निवड करत होते! मला तरी यात जास्त मोठेपणा दिसतो.

त्यांची खरी झुंज चर्चशी होती. १९१० ते १९३० या वीस वर्षांत शिकागोची कृष्णवर्णीय वस्ती ४४ हजारांवरून २ लाख ३४ हजारांच्या आसपास गेली. दक्षिणेकडून आलेली ही कष्टकरी माणसं टाळ्या वाजवत, हुंदके देत गाणारी. शहरातली मोठी चर्चं मात्र युरोपीय धाटणीची कागदावरची रचना, शांत बसून. डॉर्सींनी 'इफ यू सी माय सेव्हियर' या आपल्या आधीच्या गीताच्या पाचशे प्रती उसने पैसे घेऊन चर्चांना टपालाने पाठवल्या. कितीतरी काळ एकही मागणी आली नाही. चांगल्या चांगल्या चर्चांनी आपल्याला हाकललं, असं ते पुढे स्वतःच सांगायचे. त्या माणसाने आधी एबेनेझर आणि मग पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायकवृंद उभा केला, देशभरच्या गायकवृंदांची परिषद काढली आणि जवळपास चार दशकं तिचं अध्यक्षपद सांभाळलं. उतारवयात पाळकाची दीक्षाही घेतली.

माझं म्हणणं एवढंच की संदेशात हे सांगा. नुसतं रडवू नका.

नगरची लेक

दादा, मला हे पटलं नाही. मनापासून सांगते.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मला कोणी परिषदा आणि अध्यक्षपदं सांगितली असती तर मी उठून गेले असते. आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी शेजारी बसून ही नेटीची आणि बाळाची गोष्ट सांगितली. तेवढीच सांगितली, आणि तेवढीच मला झेपणार होती. त्या रात्री पहिल्यांदा मी जेवले.

४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग गोळी लागण्याच्या काही क्षण आधी बेन ब्रँच या सॅक्सोफोनवादकाशी बोलत होते. आज रात्रीच्या सभेत हेच गीत वाजव, सुंदर वाजव, असं त्यांनी सांगितलं होतं. अंत्यविधीला ते गायिका महालिया जॅक्सन यांनी गायलं. किंगना डॉर्सींच्या कागदाच्या प्रती किती खपल्या हे हवं नव्हतं. थकलेल्या माणसाला हात धरणारा कोणीतरी हवा होता. गीत तेच करतं. ते कसं घडलं याचा हिशेब तुम्ही संगीतवाले ठेवा.

जुनं वळण

माझा आक्षेप वेगळाच आहे. १९२८मध्ये गिटारवादक टॅम्पा रेड यांच्याबरोबर याच डॉर्सींनी जे गाणं काढलं ते उघड उघड शृंगारिक होतं, आणि धो धो खपलं. तोच ठेका, तीच वळणं चार वर्षांनी चर्चमध्ये आली. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी विरोध केला तर त्यांना खलनायक का करता? देवाच्या घरात काय आणावं याची मर्यादा असते. आज आमच्या मंडळीत तरुण मुलं ड्रम आणतात आणि विरोध केला की मला 'जुना' म्हणतात. आवाज इतका, की म्हातारी माणसं उपासना अर्धी टाकून बाहेर जातात. त्यांचा विचार कोणी करायचा?

काळी चार

काका, म्हाताऱ्यांबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आवाज हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे मी तुमच्याच बाजूला.

पण चालीबद्दल नाही. आपण ज्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकावर वाढलो त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. इंग्रजी वृत्तांतून ओढूनताणून केलेली भाषांतरं मंडळी गात होती, त्या काळात त्यांनी ओवी-अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. ते साचेही आधी दुसऱ्या देवळातलेच होते ना? आज तुम्ही डोळे मिटून जे भजन म्हणता ते कधीकाळी कोणालातरी परकंच वाटलं असणार. आणि शिकागोला आलेल्या त्या मजुरांना ब्लूज बाजारातला वाटत नव्हता, घरचा वाटत होता.

दुसरी बाजू

धागाकर्त्याने डॉर्सींचे कष्ट सांगितले, पण पुन्हा एकट्या पुरुषाचेच. मला याचा राग येतो.

१९३०मध्ये शिकागोत बॅप्टिस्टांच्या राष्ट्रीय अधिवेशनात डॉर्सींचं ते आधीचंच गीत गायलं विली मे फोर्ड स्मिथ यांनी. लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्या अधिवेशनात चार हजार प्रती खपल्या. आधी टपालाने पाठवलेल्या पाचशे प्रतींनी जे केलं नाही ते एका बाईच्या गळ्याने केलं.

मग सॅली मार्टिन. आवाज खरबरीत, स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून डॉर्सी त्यांना घ्यायला फारसे राजी नव्हते. १९३२मध्ये त्या आल्या आणि बघतात तर विक्रीच्या पैशांचा धड हिशेब नाही. त्यांनी व्यवहार रुळावर आणला, गावोगाव फिरून गायकवृंद उभे केले, प्रती विकल्या. १९४०मध्ये त्या बाहेर पडल्या आणि केनेथ मॉरिस यांच्याबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, तीही जोरात चालवली. 'गॉस्पेल संगीताचे', म्हणजे चर्चमधल्या या नव्या भक्तिसंगीताचे, 'जनक' ही पदवी डॉर्सींना मिळाली ती योग्यच आहे, पण आईचं नाव त्याच दमात यायला हवं.

आणि नेटी. त्या मा रेनी यांच्या कपड्यांची व्यवस्था बघायच्या, १९२५मध्ये लग्न झालं. पुढच्याच वर्षी डॉर्सी आजारी पडले. घरात कमावणारं कोण होतं याचा विचार करा. आपल्या गोष्टीत नेटी फक्त मरायला येतात.

नगरची लेक

ताई, नेटीबद्दलचं वाचून थांबले. मी इतक्यांदा ही गोष्ट सांगितली, पण त्या काय काम करायच्या हे कधी विचारलंच नाही.

पानगळ

या आजाराबद्दल मला बोलायचं आहे, कारण संदेशात तो कायम चुकीचा सांगितला जातो.

डॉर्सींना नैराश्याने दोनदा पाडलं. १९२०मध्ये पहिल्यांदा, तेव्हा आई येऊन घरी घेऊन गेली. दुसऱ्यांदा १९२६पासून सुमारे दोन वर्षं. वाजवता येईना, जीव द्यावासा वाटू लागला. मग एका बिशपने प्रार्थना केली, घशातून जिवंत साप ओढून काढला, आणि ते बरे झाले, असं स्वतः डॉर्सी सांगायचे.

त्यांच्या अनुभवाला मी हात लावत नाही, तो त्यांचा आहे. पण आमच्या घरात नैराश्याचा रुग्ण आहे. असल्या साक्षी ऐकून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. पुढे जे झालं ते लिहिण्याची ताकद माझ्यात नाही. तेव्हापासून व्यासपीठावरून 'मात केली' हा शब्द आला की माझ्या पोटात गोळा येतो. ज्या १९२८मध्ये ते बरे झाले आणि देवासाठी गाण्याचा निश्चय केला, त्याच १९२८मध्ये पैशांसाठी पुन्हा ब्लूजही केलं. पुढची काही वर्षं दोन्ही चालू होतं. मला हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळे. एका दिवसात पालटलेला असता तर नसता वाटला.

जुनं वळण

पानगळ, तुमच्या घरच्यांसाठी प्रार्थना करतो, आणि गोळ्या चालू ठेवायला सांगा. पण साक्ष देणाऱ्याने काय करावं? डॉर्सींना देवाने बरं केलं असं वाटलं, तर त्यांनी ते लपवायचं? माझ्या स्वतःच्या आयुष्यात एक प्रसंग आहे जो मी प्रार्थनेशिवाय दुसऱ्या कशानेही समजावू शकत नाही. तो सांगायचा नाही असं म्हणाल तर मी गप्प बसणार नाही.

पानगळ

लपवू नका. सांगा. फक्त त्याच दमात डॉक्टरांचंही नाव घ्या. पाळकांच्या तोंडून ते आलं तर माणसं ऐकतात, आमच्या तोंडून ऐकत नाहीत.

साधा वारकरी

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे तुकोबांचं असंच होतं. दुष्काळात धंदा बुडाला, एक बायको अन्न अन्न करत गेली, पोर गेलं, मग अभंग आले, असं सांगतात आणि थांबतात. पण तुकोबांनी स्वतः त्याच अभंगात पुढे सांगितलंय की पडकं देऊळ नीट करावंसं वाटलं, संतांची वचनं पाठ केली, दुसरे म्हणत त्यांच्यामागे धृपद धरलं. म्हणजे आधी मागे उभं राहून गायले. मला वाटतं धागाकर्ते बरोबर आहेत, पण नगरच्या ताईंना त्या रात्री दुसरं काही सांगून चाललं नसतं हेही खरंच. कोणाला कधी सांगायचं हे सांगणाऱ्याला कळायला हवं.

काळी चार

माझ्या पहिल्या पोस्टमधलं 'नुसतं रडवू नका' हे वाक्य मी मागे घेतो. नगरच्या ताई जेवल्या हे वाचल्यावर ते टिकत नाही. सॅली मार्टिन यांचं नाव मी घेतलं नाही ही माझी चूकच.

पण एक गोष्ट सोडत नाही. पिलग्रिम बॅप्टिस्टची जुनी इमारत, मूळचं ते ज्यूंचं प्रार्थनामंदिर, जानेवारी २००६मध्ये आगीत गेली. भिंती तेवढ्या उरल्या. डॉर्सींनी काढलेली परिषद मात्र अजून दरवर्षी भरते, अजून नवी पोरं तिथे शिकतात. मला गायकवृंद चालवायचा असतो. बारा माणसं, त्यातली चार तालमीला येतात. मला ती रात्र नाही, ती चाळीस वर्षं धीर देतात.

पाळकांशी बोललो. पुढच्या महिन्यात हे गीत बसवतोय, आणि त्याआधी पाच मिनिटं नेटी, सॅली आणि त्या आजाराबद्दल बोलायला त्यांनी मला सांगितलंय. पानगळ, काय बोलावं ते तुम्ही लिहून द्याल का?

पानगळ

देते. दोन दिवस द्या.

नगरची लेक

दादा, शेवटचं कडवं सावकाश घ्या. भावाच्या वेळी आम्ही घाईत संपवलं होतं.