शस्त्रक्रियेवरचे संशोधन औषधचाचण्यांच्या साच्यात बसवायचे कसे?

शल्यनिवासी यांचा प्रश्न

नमस्कार. मी जनरल सर्जरीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे आणि प्रबंधाचा विषय लवकरच नोंदवायचा आहे. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवणाऱ्या हर्नियासाठी पोट उघडून जाळी बसवणे आणि दुर्बिणीद्वारे जाळी बसवणे, या दोन पद्धतींची तुलना करावी असे माझ्या मनात आहे. विभागात जुन्या केसपेपरांचा मोठा साठा आहे आणि त्यावरूनच तुलना करावी, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मेडिसिन विभागातले माझे सहाध्यायी मात्र दुहेरी ब्लाइंड, रँडमाइज्ड चाचणीखेरीज (जिथे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटले जातात आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कळत नाही) कशालाही पुरावा मानायला तयार नाहीत. ज्या रुग्णाच्या पोटावर व्रण दिसतो आणि ज्या सर्जनच्या हातात उपकरणे असतात, त्या दोघांपासून उपचार लपवायचा तरी कसा? शस्त्रक्रियेत अशी चाचणी खरोखर शक्य आहे का, आणि नसेल तर जुन्या नोंदींवरच्या अभ्यासातून कोणते निष्कर्ष काढणे योग्य ठरते, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

टाका (शल्यचिकित्सा)

तुमच्या सहाध्यायांचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण ते ज्या कसोटीवर बोलत आहेत ती गोळीसाठी घडवलेली आहे. गोळीच्या चाचणीत दोन्ही गटांना दिसायला सारखीच गोळी देता येते आणि ती कोणी दिली यावर तिचा परिणाम ठरत नाही. शस्त्रक्रियेत उपचार आणि तो करणारा हात वेगळे काढता येत नाहीत. एखादी पद्धत नवी असताना पहिल्या काही रुग्णांत दिसणारे परिणाम हे त्या पद्धतीचे असतात की शिकणाऱ्या हाताचे, हे सांगणेही अवघड असते.

तरीही ‘शस्त्रक्रियेत ब्लाइंडिंग अशक्य’ हे आपल्या शाखेत फार सहज म्हटले जाणारे वाक्य मला मान्य नाही. छातीतल्या अंतर्गत स्तनधमन्या बांधल्याने हृदयशूळ कमी होतो अशी समजूत एके काळी होती आणि रुग्णांना बरे वाटतही होते. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत १७ रुग्णांच्या धमन्या उघड्या करण्यात आल्या आणि त्यानंतरच सर्जनच्या हाती लिफाफा देण्यात आला, ज्यात धमनी बांधायची की नुसतीच त्वचा शिवून टाकायची हे लिहिलेले होते. आराम दोन्ही गटांत सारखाच पडला आणि ती शस्त्रक्रिया काही काळातच मागे पडली. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून सांधा धुणे आणि साफ करणे याविषयीची २००२ सालची १८० रुग्णांची चाचणीही अशीच होती. एका गटाला केवळ त्वचेवर छेद दिले होते आणि दोन वर्षांच्या पाठपुराव्यात कोणताच गट त्या गटाहून सरस ठरला नाही. फिनलंडमधल्या सर्जनांनी २०१३ साली फाटलेल्या मेनिस्कसच्या (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीच्या) शस्त्रक्रियेबाबत १४६ रुग्णांवर हाच प्रयोग केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. वेदनेसारखा व्यक्तिनिष्ठ परिणाम मोजायचा असेल तर शस्त्रक्रियेचा प्लासिबो परिणाम (उपचार झाला या समजुतीनेच वाटणारा आराम) गोळीच्या प्लासिबोहून लहान असेल असे गृहीत धरू नये.

अर्थात हर्नियात प्लासिबो शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही, कारण दोन्ही गटांत जाळी बसवायचीच आहे. तुम्हाला हवे आहे ते निराळे: रुग्ण आणि मोजमाप करणारी व्यक्ती यांच्यापासून पद्धत काही काळ लपवणे. १९९६ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवर अशी एक चाचणी झाली होती. लहान छेदाची उघडी पद्धत आणि दुर्बिणीची पद्धत यांची २०० रुग्णांत तुलना केली गेली आणि सर्वांच्या पोटावर एकसारख्या पट्ट्या लावल्या गेल्या, जेणेकरून शुश्रूषा करणाऱ्यांना कोणाची कोणती शस्त्रक्रिया झाली हे कळू नये. रुग्णालयातला मुक्काम आणि कामावर परतण्याचा कालावधी यांत फरक आढळला नाही. पट्टीआड काय आहे हे कळले नाही तर ‘दुर्बिणीचा आहे, उद्या घरी सोडू’ हा सवयीचा निर्णय आपोआप थांबतो, आणि आपल्याकडचे निम्मे फायदे अशा सवयींतूनच निर्माण होत असावेत असा माझा संशय आहे.

चौथा कप्पा (हृदयरोग)

वरच्या प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र मेडिसिनचे संशोधन शुद्ध आणि सर्जरीचे अशुद्ध ही विभागणी आमच्या बाजूने पाहिली तरी टिकत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांचा मृत्यू होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून ठोके नियमित करणारी औषधे दिली की मृत्यू कमी होतील, असे आमच्या शाखेने वर्षानुवर्षे मानले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ईसीजीवरचे अनियमित ठोके खरोखर कमी होत. प्लासिबोशी तुलना झाली तेव्हा, १९९१ च्या अंतिम अहवालानुसार, औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ आणि प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६ दगावले होते. औषध लक्ष्यावर काम करत होते; लक्ष्यच चुकीचे निवडले होते. तेव्हा तुमच्या प्रबंधात ‘शस्त्रक्रियेला लागलेला वेळ’ किंवा ‘रक्तातील सीआरपी’ (दाह दाखवणारे प्रथिन) हा मुख्य परिणाम म्हणून मांडण्यापूर्वी त्याचा रुग्णाशी काय संबंध आहे हे स्वतःला विचारा.

ब्लाइंडिंगचे म्हणाल तर स्थिर हृदयशूळात स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकण्याविषयीची २०१७ ची ऑर्बिटा चाचणी मुळातून वाचावी. २०० रुग्णांना आधी सहा आठवडे औषधे वाढवून स्थिर केले गेले, मग कॅथलॅबमध्ये गुंगी देऊन कानांवर हेडफोन लावले गेले आणि निम्म्यांत स्टेंट टाकला गेला. सहा आठवड्यांनी व्यायामाच्या वेळेत दोन गटांत १६.६ सेकंदांचा फरक राहिला, जो सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य ठरला नाही. आमच्या शाखेत त्यावरून बरेच वाद झाले. त्याच गटाने २०२३ साली हृदयशूळाची औषधे बंद केलेल्या ३०१ रुग्णांत पुन्हा चाचणी केली, तेव्हा स्टेंटने लक्षणे कमी होतात असे दिसले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्ही चाचण्यांचे प्रश्न वेगळे होते.

प्रमाण_विचलन (जैवसांख्यिकी)

मी सर्जन नाही. प्रबंधांची आकडेमोड तपासणे हे माझे काम आहे, म्हणून केसपेपरांच्या साठ्याबद्दल लिहितो. त्या साठ्यात ज्यांची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली त्यांना ती का झाली, हा पहिला प्रश्न. बहुतेक विभागांत लहान हर्निया, कमी वजन, चांगले फुप्फुस असलेले रुग्ण दुर्बिणीकडे जातात आणि मोठे, पूर्वी जाळी फसलेले हर्निया उघड्या पद्धतीकडे. अशा स्थितीत दुर्बिणीच्या गटात जखमेतला संसर्ग कमी दिसला तर तो निवडीचा परिणाम असण्याची शक्यता पद्धतीच्या परिणामाइतकीच असते. दुसरा सापळा त्याहून लपलेला आहे. दुर्बिणीने सुरू करून आतड्यांच्या चिकट्यांमुळे पोट उघडावे लागलेले रुग्ण नोंदवहीत ‘उघडी शस्त्रक्रिया’ म्हणून चढतात, म्हणजे दुर्बिणीच्या सर्वांत अवघड केसेस दुसऱ्या गटाच्या माथी बसतात. विश्लेषण करताना त्यांना ज्या पद्धतीचा बेत होता त्याच गटात मोजावे लागते आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद वाचण्याला पर्याय नसतो. तिसरी अडचण हर्निया पुन्हा होण्याची: ज्याचा हर्निया पुन्हा होतो तो कित्येकदा दुसऱ्याच रुग्णालयात जातो आणि तुमच्या नोंदींत तो ‘बरा झालेला’ राहतो.

प्रोपेन्सिटी स्कोअर (रुग्णाला एखादा उपचार मिळण्याची शक्यता त्याच्या नोंदींवरून काढून सारख्या रुग्णांची तुलना करणे) ही १९८३ पासूनची पद्धत वापरली की हे सर्व धुऊन निघते, असा एक समज प्रबंधांत वारंवार दिसतो. ती केवळ नोंदवलेल्या घटकांचा तोल साधते; सर्जनने पोटावर हात ठेवून जे ताडले पण कागदावर लिहिले नाही, त्यावर तिचा काहीही इलाज चालत नाही.

रँडमाइज्ड चाचणीची वाट धरायची असेल तर नमुनासंख्येचे गणित आधी पाहा, कारण प्रबंध बहुधा तिथेच कोसळतात. समजा जखमेतला संसर्ग १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतो हे दाखवायचे आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात सुमारे ४३० रुग्ण लागतात. ४ टक्क्यांवरून २ टक्के हा फरक दाखवायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे ११४०. एका विभागातल्या एका प्रबंधाला हे पेलत नाही. याउलट दहा गुणांच्या वेदनामापनात १ गुणाचा फरक शोधायचा असेल आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) २ असेल, तर प्रत्येक गटात ६३ रुग्ण पुरतात. म्हणजे तुम्हाला उपलब्ध असलेल्या रुग्णसंख्येत वेदनेचा प्रश्न सुटू शकतो, हर्निया पुन्हा होण्याचा नाही. आणि जो सुटत नाही तो प्रश्न प्रबंधाच्या शीर्षकात घालू नये.

गट बदलण्याचाही विचार करून ठेवा. कमरेच्या चकतीवरच्या शस्त्रक्रियेबाबत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पोर्ट चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातल्या अवघ्या ५० टक्के रुग्णांनी पहिल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली आणि दुसऱ्या गटातल्या ३० टक्क्यांनी तेवढ्याच काळात ती करून घेतली. इतकी सरमिसळ झाली की मूळ गटांनुसार केलेली तुलना फरक झाकून टाकते आणि प्रत्यक्ष उपचारांनुसार केलेली तुलना पुन्हा निवडीच्या दोषात अडकते.

शल्यनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. यावरून मी असा विचार करते आहे की मुख्य परिणाम म्हणून शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांनी खोकताना होणारी वेदना घ्यावी, सर्वांच्या पोटावर सारखी पट्टी लावावी आणि वेदनेची नोंद शस्त्रक्रियागृहात नसलेल्या व्यक्तीने करावी. दोन शंका उरतात. आमच्या विभागातले एक वरिष्ठ सर्जन दुर्बिणीत निष्णात आहेत, दुसरे उघड्या पद्धतीत. दोघांनाही दोन्ही पद्धती करायला लावणे योग्य होईल का? आणि केसपेपरांचा साठा मग टाकूनच द्यायचा का?

टाका

पहिल्या शंकेवर: ज्याला जी पद्धत उत्तम जमते त्यालाच ती करू द्यावी आणि रुग्णांचे विभाजन पद्धतींत न करता सर्जनांत करावे, अशी एक रचना आहे, २००५ साली तिची सविस्तर मांडणी झाली. तिचा लाभ असा की कोणालाही नावडत्या पद्धतीने काम करावे लागत नाही. पण तुमच्याकडे प्रत्येक बाजूला एकच सर्जन असेल तर चाचणी संपल्यावर तुम्ही दोन पद्धतींची नव्हे, दोन माणसांची तुलना केलेली असेल. त्यापेक्षा दोन्ही पद्धती पुरेशा वेळा केलेले निदान तीन-चार सर्जन मिळत असतील तर साधी रचनाच ठेवा आणि विभाजन करताना प्रत्येक सर्जनकडे दोन्ही गट सारखे येतील असे पाहा.

आणखी एक, कारण ‘दुर्बिणीची पद्धत चांगली हे तर ठरलेच आहे’ असे कोणीतरी तुम्हाला म्हणणारच. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगातही अनेकांना तसेच वाटत होते. २०१८ साली ६३१ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के आणि कमी छेदाच्या पद्धतीत ८६ टक्के निघाले. त्यापूर्वीच्या कित्येक नोंदवजा अभ्यासांत असा फरक दिसला नव्हता.

प्रमाण_विचलन

साठा टाकू नका. तुमच्या विभागात हर्नियाचा आकार साधारण किती असतो, किती रुग्ण पाठपुराव्याला परत येतात, वर्षाकाठी निकषांत बसणारे किती मिळतील, हे त्यातूनच कळेल. वेदनेच्या गुणांची नोंद असेल तर प्रमाण विचलनही तिथूनच घ्या. दुसऱ्यांच्या निबंधातून उचललेला आकडा तुमच्या रुग्णांना लागू पडेलच असे नाही.

विभाजनाचा क्रम मात्र स्वतः ठेवू नका. रुग्णाला चाचणीत घेईपर्यंत पुढचा गट कोणता हे तुम्हाला कळता कामा नये. सम-विषम तारीख किंवा केसपेपरचा क्रमांक यांवरून केलेले विभाजन रँडमायझेशन ठरत नाही, कारण पुढचा गट सर्वांना आधीच ठाऊक असतो. १९९५ साली २५० चाचण्यांच्या एका पडताळणीत असे दिसले की जिथे विभाजन नीट लपवलेले नव्हते तिथे उपचाराचा परिणाम ऑड्‌स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) हिशेबाने सरासरी ४१ टक्के फुगलेला होता. क्रम संगणकावर दुसऱ्या विभागातल्या कोणाकडून तरी तयार करून घ्या, अपारदर्शक लिफाफे क्रमांक घालून सील करा आणि भूल दिल्यानंतरच लिफाफा उघडा. पहिला रुग्ण घेण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी आणि सार्वजनिक नोंदणीपुस्तकात चाचणीची नोंद या दोन्ही गोष्टी पूर्ण झालेल्या असाव्यात, कारण मागाहून केलेली नोंदणी बहुतेक प्रमुख नियतकालिके स्वीकारत नाहीत. शेवटी, पट्टी काढण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला आणि वेदना मोजणाऱ्या व्यक्तीला ‘कोणती शस्त्रक्रिया झाली असे वाटते?’ हे विचारून उत्तर लिहून ठेवा. बहुसंख्यांनी बरोबर ओळखले तर ब्लाइंडिंग टिकले नाही हे प्रबंधात तसेच मांडता येईल.