जुन्नर-नाणेघाट: आईला घेऊन दोन दिवसांत काय बघावं?

मीनल_डोंबिवली
डिसेंबरात शनिवार-रविवार जुन्नरला जायचं घाटतंय. नवरा, सातवीतला मुलगा आणि आई. आईचे गुडघे कुरकुरतात, पण लेण्याद्रीचं दर्शन हवंच म्हणते. मुलाला शिवनेरी. यादी करायला बसले तर चावंड, हडसर, जीवधन, कुकडेश्वर, नाणेघाट, तुळजा लेणी, मानमोडी... संपतच नाही. गाडी आहे, माळशेजमार्गे येऊ. काय ठेवू, काय गाळू?

घाटवाटकरी
मीनलताई, चावंड, हडसर, जीवधन हे तिन्ही किल्ले यादीतून सरळ काटा. आईंना पायथ्याशी गाडीत बसवून तुम्ही वर जाणार, यात कोणाला मजा येणार?

लेण्याद्रीपासून सुरुवात करा, तीही सकाळी लवकर. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत; आईंना थांबत थांबत चढू दे. गणपती बसलाय ते सात नंबरचं लेणं, मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार, कडेने त्यांच्या वीस खोल्या. दर्शन झालं की पब्लिक तडक खाली सुटतं. तुम्ही मात्र शेजारच्या सहा नंबरात शिरा. चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे. आत स्तूप, खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि वाघ. तिथे ब्राह्मीत एक छोटासा लेख आहे: हे चैत्यगृह म्हणजे कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. थोडक्यात, तुमच्या शेजारच्या स्टेशनातला माणूस! दोनेक हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाने जुन्नरच्या डोंगरात पैसा ओतला. का, ते दुसऱ्या दिवशी कळेल.

शिवनेरी त्याच दिवशी दुपारनंतर. सात दरवाजे, पायऱ्या बऱ्याच, आईंनी खाली थांबलेलं बरं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. शिवजन्मस्थान बघालच, पण मुलाला हेही सांगा की याच डोंगराच्या पोटात लेणी आहेत आणि तिथल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दान दिल्याचं कोरलंय. ती लेणी साखळीच्या वाटेवर आहेत. पोराला घेऊन तिकडे जाऊ नका, सांगण्यापुरतंच ठेवा.

रविवार अख्खा कुकडीच्या खोऱ्याला द्या. जुन्नरहून चावंडच्या पायथ्यावरून पूर, तिथे कुकडेश्वर. मंदिर रस्त्यालगत आहे, चढ नाही, म्हणजे आईंचा दिवस इथेच सार्थकी लागतो. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती एकेक करून बघा, घाई करू नका. कुकडीचा उगम याच परिसरातला.

पुढे घाटघर आणि नाणेघाट. घाटमाथ्यावर भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेने सांगतात. खिंडीतून थोडं खाली उतरलं की सातवाहनांचं लेणं. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याचे पुतळे होते. आता फुटके पाय उरलेत, पण डोक्यावरची नावं शाबूत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी... बाजूच्या भिंतींवरच्या लेखात यज्ञ आणि त्यांची दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी. ते आकडे नुसते अक्षरांत नाहीत, अंकांत कोरलेत. भारतातल्या सर्वात जुन्या अंकांत त्यांची गणना होते. मुलाला टॉर्च द्या आणि भिंतीला लागून तिरका उजेड टाकायला सांगा. सरळ मारला तर काही दिसत नाही, तिरका मारला की रेघा उठून येतात. तिथे सगळं जमतं: माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून याच खिंडीतून वर यायचा आणि पुढे जुन्नर, पैठणला जायचा. सुलसदत्त इथूनच चढला असणार, मला तरी दुसरा रस्ता सुचत नाही.

तुळजा लेणी आणि मानमोडी पुढच्या खेपेला. तुळजाचं गोल चैत्यगृह बारा खांबांचं आहे, उरकायची जागा नव्हे ती.

सह्यवेडा
नाणेघाट गाडीने?? वैशाखऱ्यातून चढल्याशिवाय तो कळत नाही. आणि पावसाळा का सोडताय, उलटा धबधबा असतो की!

घाटवाटकरी
पायथ्यातून चढणं भारीच, पण आईंचं काय करता? मुलगा दहावीत गेला की बापलेक जातील. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग आणि लेण्यात ओल्या चपलांचा चिखल. लेख वाचायला धुकं नसलेलं बरं.

घाटघरचा_पोरगा
मी तिकडचाच. गावात आदल्या दिवशी कुणाला सांगून ठेवलं तर जेवण होतं, ऐनवेळी येऊन चौघांचं मागू नका. अंगणात मोबाईल रोखून म्हाताऱ्यांचे फोटो काढू नका, आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात. उन्हाळ्यात आलात तर हिरडा वाळत घातलेला दिसेल. त्यावरून चालू नका, आमचा वर्षाचा पैसा असतो तो. आणि घाटघर दोन आहेत! मॅपवर जुन्नर तालुक्यातलं टाका, नाहीतर भंडारदऱ्याला पोचाल.

मीनल_डोंबिवली
खूप आभार सगळ्यांचे. आईला सुलसदत्त सांगितला तर म्हणाली, "मग मी सहा नंबरात आधी जाते, गणपती कुठे पळतोय." घाटवाटकरी काका, रविवारी परतताना जुन्नरहून निघायला किती वाजता सुटावं?

घाटवाटकरी
चारच्या आत जुन्नर सोडा. माळशेज उजेडात उतरलेला बरा.