नॅशनल मेरिट: बेरीज तीच, मग निकाल दोन का?

रानजाई:
मुलगा यंदा अकरावीत, आम्ही न्यू जर्सीत. ऑक्टोबरात पीएसएटी, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या एसएटीची पूर्वपरीक्षा आहे. काल रात्री त्याच्या सरावाच्या दोन चाचण्या समोर ठेवून हिशेब मांडला. पहिलीत इंग्रजी 720, गणित 760. दुसरीत बरोबर उलटं. बेरीज दोन्हीकडे 1480. पण याच परीक्षेवरून ठरणाऱ्या नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीच्या सिलेक्शन इंडेक्ससाठी, म्हणजे निवडीच्या आकड्यासाठी, इंग्रजीचे गुण दुप्पट करतात, त्यात गणिताचे मिळवतात आणि दहाने भागतात. म्हणजे पहिलीचा इंडेक्स 220, दुसरीचा 224! 2025 ला बारावी झालेल्या बॅचला आमच्याकडे सेमीफायनलिस्टचा, म्हणजे पहिल्या गाळणीतून पुढे जाणाऱ्यांचा, कटऑफ होता 223. तेच पोर, तेवढेच गुण, एकदा आत, एकदा बाहेर. आणि टेक्सासात 219 ला काम झालं. मला हे मुळीच पटत नाही.

उंबरठा:
राज्यांचं तेवढं समजून घ्या. सेमीफायनलिस्ट देशभरात साधारण 16 हजार. ज्या राज्यात बारावी होणारी मुलं जितकी, त्या प्रमाणात जागा. सगळीकडे एकच कटऑफ लावला तर बहुतेक जागा आपल्यासारख्यांच्या उपनगरांत जातील, जिथं नववीपासून क्लास लागतात. आडगावच्या शाळेत स्वतःच्या बळावर 212 काढणाऱ्या मुलीचं नाव यादीत यायलाच हवं.

रानजाई:
त्या मुलीबद्दल दुमत नाही. पण न्यू जर्सीतही गरीब वस्त्या आहेत, तिथल्या मुलीलाही 223 च लागतात. कटऑफ राज्य बघतो, घरची परिस्थिती नाही.

दीपमाळ:
इंग्रजी दुप्पट का, ते सांगते. पूर्वी वाचन, लेखन आणि गणित असे तीन भाग होते, तिन्हींना सारखं वजन. पहिले दोन एकत्र झाले, वजन दोघांचं राहिलं. मला ते योग्यच वाटतं. इंजिनिअरिंगला जा नाहीतर इतिहासाला, वाचून समजलं पाहिजे. आपल्या घरांत गणिताला क्लास, आणि वाचन मात्र वेळ उरला तर. यात परीक्षेचा काय दोष?

रानजाई:
पूर्वी तीन भाग होते हे आजसाठी कारण होत नाही. चार वर्षांपूर्वी या देशात आलेल्या, घरी मराठीच बोलणाऱ्या पोराचा विचार करा. नुसती शाबासकी असती तर बोलले नसते. नॅशनल मेरिटची स्वतःची शिष्यवृत्ती 2500 डॉलर, तीही एकदाच. पण अलाबामा विद्यापीठासारखी काही ठिकाणं फायनलिस्टची, म्हणजे सेमीफायनलिस्टमधून पुढे निवडलेल्यांची, ट्यूशन माफ करतात. चार गुणांवर चार वर्षांची फी अडते.

पैलवाट:
माझी लेक त्याच बॅचची, 'कमेंडेड'वर, म्हणजे सेमीफायनलिस्टच्या खालच्या शाबासकीच्या पायरीवर, थांबली. तो कटऑफ देशभर एकच, 208. पत्र अजून फ्रिजवर आहे आणि मला त्याचं अप्रूप आहे. पण फीचं म्हणता ते खरं, रानजाईताई. फक्त एक बघा, हार्वर्ड-येलसारखे आयव्ही लीगवाले गुणांवर पैसे देतच नाहीत, घरची गरज बघून देतात. पोराला जायचंय कुठं, ते आधी विचारा. 224 साठी त्याचे शनिवार-रविवार घालवायचे का, ते मग ठरवा.