थॉमस जेफरसन हायस्कूलच्या जागा फेअरफॅक्स काउंटीने कशा वाटाव्यात?

धागाकर्ता

व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीच्या स्कूल बोर्डाने २०२० च्या अखेरीस थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी हायस्कूलची प्रवेशपरीक्षा आणि १०० डॉलरचे अर्जशुल्क रद्द केले, आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का इतक्या जागा राखून दिल्या. तिथल्या अनेक भारतीय पालकांना, त्यात मराठीही आले, हा अन्याय वाटतो. मला तो वाटत नाही. शाळा सगळ्या काउंटीच्या करावर चालते, आणि तरीही तिची मुले वर्षानुवर्षे मोजक्याच मिडल स्कूलांतून येत होती. नवी पद्धत लागू होताच प्रवेश मिळालेल्यांत गरीब घरांतील मुलांचा वाटा एका टक्क्याच्याही खालून २५ टक्क्यांवर गेला. अशी मुले आदल्या वर्षीही याच काउंटीत राहत होती.

हर्नडनचा पालक

आपण अर्धाच आकडा दिलात. त्याच वर्षी जागा वाढून ५५० झाल्या असताना आशियाई मुलांचा वाटा मात्र ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला. एखाद्या शाळेत तयारीची मुले भरपूर असतील, तर तिथल्या विसाव्या मुलाने दुसरीकडच्या पहिल्याहून सरस असूनही मागे का राहावे? परीक्षेच्या शिकवण्या श्रीमंतांनाच परवडतात असे म्हणाल, तर आमच्यातील कित्येक घरे इतर हौस बाजूला ठेवून ती फी भरतात. त्याला श्रीमंती म्हणणे मला पटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने हे धोरण घटनाबाह्य ठरवले, ते उगाच नव्हे.

धागाकर्ता

तो निकाल मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी त्यावर असहमती नोंदवली, हे मान्य. अर्जदारांत आशियाई मुले सुमारे ४९ टक्के होती आणि जागा त्यांना ५४ टक्के मिळाल्या, हा अपील न्यायालयाचा मुद्दा होता. शिवाय अर्ज तपासणाऱ्यांना मुलाचे नाव किंवा वंश कळत नाही.

गणित शिक्षिका

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, धागाकर्त्यांची थोडी अधिक. नव्या पद्धतीतही आठवीत किमान अल्जेब्रा १ (बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम) आणि चारपैकी साडेतीनची गुणसरासरी लागतेच, म्हणजे बरीचशी निवड अर्ज भरण्याच्या आधीच, सहावी-सातवीच्या गणिताच्या वर्गात होऊन गेलेली असते. ज्या मुलाला तिथे गणिताच्या वरच्या पातळीच्या वर्गात कोणी बसवलेच नाही, त्याच्यासाठी दीड टक्का राखला काय आणि दहा टक्के राखले काय, सारखेच. बोर्डाने प्रवेशाचा नियम बदलला, कारण तो एका ठरावाने बदलतो. प्रत्येक मिडल स्कूलला गणिताचे चांगले शिक्षक देण्यासाठी मात्र दरवर्षी अंदाजपत्रकात पैसे ठेवावे लागतात.

हर्नडनचा पालक

हे मान्य आहे, आणि त्यासाठी कर वाढवला तरी माझी तक्रार नाही. पण ते शिक्षक येईपर्यंत परीक्षा का नको, हा माझा प्रश्न तसाच आहे.